कुंभारणीच्या घरातील अळी

जुन्या घराच्या खिडकीच्या चौकटीवर, तसबिरीच्या मागे किंवा ओटीवरच्या वाशाच्या खाचेत मातीचे एक इवलेसे मडके चिकटलेले असते. आकाराने ते बोराएवढे असून त्याला वर आखूड गळा आणि किंचित उलटा दुमडलेला काठ असतो. ते घडवणारी पिवळसर-तांबूस, बारीक कमरेची माशी गोव्यातील बहुतेक घरांना परिचित आहे. चिखलाची गोळी तोंडात धरून ती दिवसभर ये-जा करते, म्हणून मराठीने तिला कुंभारीण हे नाव दिले. माती आणून झाली की ती हिरव्या अळ्या आणू लागते. पाच-सहा, कधी त्याहूनही अधिक अळ्या मडक्यात कोंबून ती त्याचे तोंड लिंपून टाकते. काही आठवड्यांनी मडक्याला भोक पडते आणि आतून बाहेर येते ती अळी नव्हे, फुलपाखरूही नव्हे, तर नवी कुंभारीण.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले आहेत. त्यांतील एक गुरू ही माशीच. एकनाथांनी त्याच स्कंधावरील आपली टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण केली आणि ही कथा मराठी घराघरांत पोहोचली. माशीने कोंडलेली अळी भीतीने तिचेच अखंड ध्यान करते आणि अखेर तिचेच रूप घेते, असा हा कीटभ्रमर न्याय आहे. संतांना सांगायचे होते ते मनाबद्दल, कीटकांबद्दल नव्हे. तरीही त्यामागचे निरीक्षण पोकळ नव्हते. आत गेली ती अळी आणि बाहेर आली ती माशी, एवढे डोळ्यांनी दिसत होतेच. न दिसणारा भाग मधल्या काळोखात घडत होता.

युरोपातही हाच घोटाळा झाला होता. सतराव्या शतकातील डच चित्रकार यान गुडार्ट याने अनेक वर्षे अळ्या पाळून त्यांची चित्रे काढली. एकाच जातीच्या काही अळ्यांतून फुलपाखरे निघतात, तर काहींतून माश्यांचा थवाच बाहेर पडतो, हे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले आणि दोन्ही रूपांतरे खरी मानली. १७०० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाचा आद्य उपासक लेव्हेनहुक याने माव्याच्या कीटकांत बारीक माश्या अंडी घालतात, हे पाहिले आणि अळीची माशी होत नसून माशीचे पिल्लू तिला आतून खाते, हा उलगडा हळूहळू स्थिर झाला.

ज्या कीटकाचे पिल्लू दुसऱ्या एकाच कीटकाच्या शरीरावर किंवा शरीरात वाढते आणि शेवटी त्या यजमानाचा जीव घेते, त्याला शास्त्रात ‘पॅरासिटॉइड’ म्हणतात. फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ रॉयटर यांनी १९१३ मध्ये हा शब्द घडवला. ऊ किंवा गोचीड ही खरी परोपजीवी, कारण तिला यजमान जिवंत राहिलेलाच हवा असतो. वाघ हा शिकारी, कारण तो आधी मारतो आणि मग खातो. पॅरासिटॉइड या दोहोंच्या मधला. त्याला यजमान मरायला हवा, पण आज नव्हे. काटेकोरपणे पाहिल्यास आपली कुंभारीण शिकाऱ्यांच्या बाजूला मोडते, कारण तिच्या एका पिल्लाला अनेक अळ्या लागतात. परंतु तिचे तंत्र तेच आहे. तिने आणलेल्या अळ्या मेलेल्या नसतात. नांगीतल्या विषाने त्या लुळ्या पडलेल्या असतात. अळी मारून ठेवली तर आपल्या दमट हवेत ती दोन दिवसांत सडेल किंवा तिला बुरशी लागेल. लुळी पडलेली अळी ताजी राहते. पुन्हा, ती पूर्ण लुळी नसेल आणि वळवळली, तर नाजूक अंडे चिरडण्याचा धोका असतो. म्हणून कुंभारीण अंडे अळ्यांवर ठेवतच नाही. मडके रिकामे असतानाच ती ते छताला एका बारीक धाग्याने टांगते. शिंक्यावर लोणी ठेवणाऱ्या घरांना ही युक्ती नवी वाटू नये.

यजमानाला वश करण्याची ही विद्या किती सूक्ष्म होऊ शकते, याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे झुरळावर जगणारी ‘अँप्युलेक्स कॉम्प्रेसा’ ही माशी. दक्षिण आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशांत ती आढळते. अंग पाचूसारखे हिरवे-निळे चकचकीत, मागच्या पायांच्या मांड्या लालभडक आणि लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. तिचे लक्ष्य असलेले मोठे तांबडे झुरळ तिच्याहून कितीतरी जड असते. ते उचलून नेणे तिच्या आवाक्याबाहेरचे आहे. म्हणून झुरळाने स्वतःच्या पायांनी चालत आपल्या थडग्यात यावे, अशी व्यवस्था ती करते.

पहिला डंख छातीत बसतो, तोही नेमका पुढच्या पायांची हालचाल चालवणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठीत. विषातील काही द्रव्ये तेथील संदेश रोखून धरतात आणि झुरळाचे पुढचे पाय दोन-चार मिनिटे निकामी होतात. एवढा अवधी माशीला पुरतो. दुसरा डंख ती मानेच्या मऊ पडद्यातून थेट डोक्यात घालते आणि मेंदूतील ठरावीक जागी विष सोडते. ही गोष्ट बरीच वर्षे केवळ तर्क होती, कारण एखादा कीटक दुसऱ्याच्या मेंदूत इतक्या अचूकपणे विष टोचत असेल, यावर विश्वास ठेवणे कठीण होते. इस्रायलमधील बेन-गुरिअन विद्यापीठात फ्रेडरिक लिबरसाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माशांना किरणोत्सारी अमिनो आम्ले टोचली. त्यामुळे त्यांचे विषही किरणोत्सारी झाले. मग डंखलेल्या झुरळात किरणोत्सार कुठे आहे हे तपासले, तेव्हा तो मेंदूत आणि त्याखालच्या गाठीत साठलेला आढळला.

पुढे याच गटाने नांगीच्या टोकावर स्पर्श ओळखणारी सूक्ष्म अंगे आहेत, हेही दाखवले. झुरळाचा मेंदू काढून टाकला, तर माशी नांगी आत घालून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ शोधत राहते. दिसत नसलेली जागा ती नांगीने चाचपून ओळखते. अंधारात कुलपाचे भोक बोटांनी शोधावे, तसा हा प्रकार.

दुसऱ्या डंखानंतर जे घडते ते अधिक विलक्षण आहे. झुरळ सुमारे अर्धा तास स्वतःला साफसूफ करत राहते. मिशा तोंडातून ओढून काढते, पाय घासते. विषातील डोपामिनचा हा परिणाम असावा, असे मानले जाते. त्यानंतर ते शांत होते. ते लुळे झालेले नसते. त्याला उलटे केले तर सुलटे होता येते, पाण्यात टाकले तर पोहता येते, कोणी ओढले तर चालताही येते. हरवलेले असते ते एकच, आपणहून चालू लागण्याची प्रेरणा. पायांत बळ आहे, वाट मोकळी आहे, पण निघावेसे वाटत नाही. कीटकांच्या शरीरात हालचालीची उमेद जागवणारे ऑक्टोपामिन नावाचे एक द्रव्य असते. तशाच परिणामाचे औषध अशा झुरळाला टोचल्यावर त्याचे चालणे काही अंशी परत आले, असे लिबरसाट यांच्या गटाला आढळले. म्हणजे विष स्नायूंवर नव्हे, तर निर्णयावर काम करते. याला ‘झॉम्बी झुरळ’ असे चटकदार नाव मिळाले आहे, पण चित्रपटांतले झॉम्बी उठून चालतात. येथे नेमके उलटे आहे.

माशी आता त्याच्या दोन्ही मिशा अर्ध्यावर कापते आणि तुटलेल्या टोकांतून पाझरणारा रक्तद्रव पिते. मग एक मिशी जबड्यात धरून, गुराला दाव्याने न्यावे तसे, त्याला बिळाकडे नेते. झुरळ मागोमाग जाते. आत त्याच्या मधल्या पायाच्या मुळाशी ती पांढरे, सुमारे दोन मिलिमीटर लांबीचे अंडे चिकटवते, बाहेर येऊन खडे-कचऱ्याने बिळाचे तोंड बुजवते आणि निघून जाते. ते तोंड झुरळाला अडवण्यासाठी नसते. बाहेरच्या इतर भक्षकांनी आत येऊ नये, यासाठी ते असते.

यानंतरची जबाबदारी अळीची. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अंडे फुटते. अळी पायाच्या सांध्याचे कवच फोडून काही दिवस बाहेरूनच रक्तद्रव शोषते आणि नंतर शरीरात शिरते. आतली इंद्रिये ती अशा क्रमाने खाते, की यजमान शक्य तितका काळ जिवंत राहावा. विषामुळे झुरळाचा ऑक्सिजनचा वापरही घटलेला असतो, त्यामुळे ते अन्नपाण्यावाचून बराच काळ तग धरते. अंडे घातलेच गेले नाही, तर विषाचा अंमल साधारण आठवडाभरात ओसरतो आणि झुरळ पूर्ववत होते. अळीला जेवढा अवधी हवा, जवळपास तेवढाच हा अंमल टिकतो.

तरी एक धोका उरतोच. झुरळ गटारातले, अंगात असंख्य जिवाणू बाळगणारे. बंद बिळात, उबेत, अर्धवट खाल्लेले शरीर नासायला वेळ लागू नये. जर्मनीतील रेगन्सबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की अळी तोंडातून एक स्राव सोडून झुरळाच्या आतल्या भिंती अक्षरशः धुऊन काढते. त्या स्रावात मेलाइन आणि मायक्रोमोलाइड ही दोन जिवाणूनाशक द्रव्ये सापडली. खाण्याआधी ताट धुण्याची शिस्त या अळीला कोणी शिकवलेली नाही. शेवटी ती झुरळाच्या पोकळ कवचातच कोष विणते आणि साधारण सहा आठवड्यांनी नवी हिरवी माशी झुरळाचे अंग फोडून बाहेर येते.

झुरळे कमी करण्यासाठी ही माशी १९४१ मध्ये हवाई बेटांवर मुद्दाम नेण्यात आली होती. फारसे यश आले नाही. तिला एका झुरळावर एकच अंडे पुरते, आणि झुरळांचे प्रजनन तिच्या कितीतरी पुढे असते. शिवाय झुरळही दर वेळी मुकाट मार खात नाही. अमेरिकेतील वँडरबिल्ट विद्यापीठाचे केनेथ कटानिया यांनी २०१८ मध्ये या झुंजींचे चित्रण प्रसिद्ध केले. सावध झुरळ पायांवर उंच उभे राहते आणि काटेरी मागच्या पायाने माशीच्या डोक्यावर नेमकी लाथ मारते. अशी लाथ बसली, की माशी पुष्कळदा नाद सोडून दुसरे सावज शोधते.

बाहेरून डंख करणाऱ्या या माश्यांची विद्या मज्जासंस्थेपुरती आहे. ज्या माश्या अंडे थेट यजमानाच्या शरीरात घालतात, त्यांच्यापुढचा पेच वेगळा. अळी लुळी पडत नाही. ती खात राहते, वाढत राहते, आणि तिच्या रक्तद्रवातील पेशी परक्या वस्तूला ओळखतात. असे अंडे आढळले, की त्या पेशी त्याच्याभोवती थरावर थर रचून वेढा घालतात, वेढा काळा आणि कठीण होतो आणि आतले अंडे गुदमरून मरते. कोबीवरील अळ्यांवर जगणाऱ्या कोटेशिया कुळातील माश्यांनी यावर शोधलेला तोडगा जीवशास्त्रातील महत्त्वाच्या आश्चर्यांपैकी एक मानला जातो. अंड्यांबरोबर ही मादी विषाणूंचे कण सोडते. हे विषाणू बाहेरून लागलेले नसतात. त्यांचे जनुक माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांत गुंफलेले असून ते कण तिच्या अंडाशयातच तयार होतात. अळीच्या पेशींत शिरून ते तिची प्रतिकारशक्ती नमवतात, वाढीचे वेळापत्रक बदलतात, पण स्वतःची पिल्लावळ मात्र तेथे वाढवत नाहीत. सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी या माश्यांच्या पूर्वजांना झालेल्या एका विषाणूच्या संसर्गातून ही सोयरीक जुळली, असे जनुकांच्या तुलनेवरून दिसते. रोगच हत्यार झाला.

अळीचा वापर इतक्यावर संपत नाही. ब्राझीलमधील एका अभ्यासात पेरूच्या झाडावरील एका पतंगाची अळी पाहण्यात आली. ग्लिप्टापँटेलीस नावाच्या माशीची पिल्ले तिच्या अंगातून बाहेर पडतात आणि शेजारीच कोष करतात. एवढी छिद्रे पडूनही अळी मरत नाही. ती खाणे सोडते, त्या कोषांवर वाकून उभी राहते आणि एखादा ढेकूणवर्गीय भक्षक जवळ आला तर डोके जोरात झटकून त्याला फेकून देते. अशा पहाऱ्यामुळे कोषांची हानी निम्म्याने घटते, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नोंदले आहे. संशोधकांनी अळ्या चिरून पाहिल्या, तेव्हा एक-दोन पिल्ले आतच मागे राहिलेली आढळली. बहुधा तीच अळीकडून हे काम करवून घेत असावीत. आपल्या भावंडांसाठी ती आतच संपतात. अळी अर्थातच कधी पतंग होत नाही.

इक्न्यूमोनिडी या एकाच कुळात अशा माश्यांच्या सुमारे २५ हजार जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत. २२ मे १८६० रोजी अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्रात डार्विनने याच कुळाचा दाखला दिला होता. जिवंत अळ्यांच्या शरीरात चरण्यासाठी दयाळू आणि सर्वशक्तिमान ईश्वराने हे जीव मुद्दाम निर्माण केले असतील, असे स्वतःला पटवणे आपल्याला जमत नाही, असा त्या मजकुराचा आशय होता. ज्या माशीत अवधूताला गुरू दिसला, तिच्याच जातभाईत डार्विनला ईश्वराविषयीची शंका दिसली. माशीला दोघांचेही सोयरसुतक नाही.

यजमानांच्या बाजूनेही उपाय चालू असतात. आंबलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या, काजूच्या हंगामात भट्टीपाशी हमखास दिसणाऱ्या बारीक फळमाश्यांच्या जातीतील ‘ड्रोसोफिला’ या माशीवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. आसपास तिच्या पिल्लांवर जगणारी माशी नुसती दिसली, तरी ती आपली अंडी अधिक मद्यार्क असलेल्या अन्नात घालू लागते. तिच्या पिल्लांना मद्यार्क बऱ्यापैकी सोसतो, शत्रूच्या पिल्लांना सोसत नाही. वनस्पतीही या लढ्यात तटस्थ नाहीत. अळी कुरतडू लागली की मक्याची पाने विशिष्ट गंध सोडतात आणि त्या गंधाच्या रोखाने अळीच्या शत्रुमाश्या येतात, हे १९९० मध्ये सिद्ध झाले.

शेतकऱ्याचा संबंध येतो तो येथे. बेळगाव भागातील आणि दक्षिण महाराष्ट्रातील ऊस उत्पादकांना ‘ट्रायकोकार्ड’ ठाऊक आहे. त्या कार्डावर तांदळातील पतंगाची हजारो अंडी चिकटवलेली असतात आणि त्या प्रत्येक अंड्यात जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ट्रायकोग्रामा माशी वाढत असते. ती उसावरील खोडकिड्याची अंडीच संपवते, त्यामुळे अळी जन्माला येण्याआधीच प्रश्न मिटतो. माडावरची काळ्या डोक्याची अळी झावळीच्या खालच्या बाजूला रेशीम आणि विष्ठेचा बोगदा विणून त्यात राहते. उंच माडावर तिथवर फवारा पोहोचवणे कठीण. मुंगीसारखी दिसणारी गोनिओझस नेफँटिडिस ही काळी माशी मात्र त्या बोगद्यात शिरते, अळीला डंख करून लुळी पाडते आणि तिच्या अंगावर अंडी घालते. बहुतेक माश्या अंडी घालून निघून जातात, ही जात नाही. पिल्ले कोषात जाईपर्यंत ती त्यांच्यापाशी राहते आणि त्याच अळीवर हक्क सांगायला आलेल्या दुसऱ्या मादीला हुसकावते. म्हणूनच ती प्रयोगशाळेत वाढवून बागांत सोडली जाते.

या पद्धतीचे सर्वांत ठळक यश पपईच्या बागांत दिसले. मध्य अमेरिकेतील पिठ्या ढेकूण २००८ मध्ये प्रथम कोइम्बतूर परिसरात आढळला आणि पाहता पाहता दक्षिणेत व महाराष्ट्रात पसरला. पपईबरोबर तुती, कसावा आणि जास्वंदही पांढऱ्या पिठाने माखू लागल्या. फवारण्या वाढल्या, पण त्याचे मेणकट आवरण औषधाला दाद देईना. त्याच्या मायदेशातील शत्रू असलेली अॅसेरोफॅगस पपाये ही माशी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोतून बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संशोधन संस्थेत आणण्यात आली, चाचण्यांनंतर तमिळनाडूत सोडण्यात आली आणि काही महिन्यांत कीड आटोक्यात आली. ज्या बागांत फवारणी सुरू राहिली, तेथे किडीबरोबर माशीही मरण्याचा धोका होता. म्हणून माशी सोडल्यावर फवारा थांबवा, हे शेतकऱ्यांना आवर्जून सांगावे लागले. कीड दिसत असताना हात आवरणे सोपे नसते. डोळ्यांना दिसतो तो पांढरा ढेकूण, त्याच्या पोटात काय वाढते आहे ते दिसत नाही.

खिडकीच्या चौकटीवरील मडक्यातही कधी कधी भलताच प्रकार घडतो. कुंभारीण आपले काम आटोपून गेलेली असते, मडके बंद असते. मग ‘स्टिल्बम’ नावाची, निळ्या-हिरव्या धातूसारखी झळकणारी एक माशी येते, मातीला बारीक भोक पाडते, आत अंडे घालते आणि भोक पुन्हा बुजवून टाकते. आतली कुंभारणीची अळी आपल्या वाट्याच्या सगळ्या हिरव्या अळ्या खाऊन पुष्ट होते, तेव्हा स्टिल्बमचे पिल्लू तिला खाते. काही आठवड्यांनी मडके फुटते आणि त्यातून बाहेर पडते ती निळी माशी.